तीस सेकंदांचा अर्थवाद
(व्याख्यानाचं शब्दांकन)

मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाणापाशी थांबलो होतो. उठता उठता मागच्या रांगेतून एका तरुणाने विचारलं, "सर, हे सगळं ठीक आहे, पण आज याचा उपयोग कुठे?" आम्ही घाईत उत्तर दिलं, "टीव्हीवरच्या जाहिराती बघ." सगळे हसले, आम्हीही हसलो. घरी गेल्यावर लक्षात आलं की उत्तर विनोदात दिलं असलं तरी ते खरं होतं, आणि त्याला आमच्या स्वतःच्या एका प्रकरणाची किनारही होती. ते प्रकरण आज सांगायचं ठरवून आलो आहोत. आणि आम्ही 'आम्ही' म्हणतो त्यात आमची सौभाग्यवतीही धरा, कारण त्या प्रकरणात आम्ही दोघंही सामील होतो. (हशा)

आपल्याकडे कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, हल्ली सिनेमाचीही होते. पण एखादी कविता तुम्हाला पाठ नसेल, निरमाचं गाणं मात्र पाठ असतं. दूरदर्शनवर व्यावसायिक जाहिराती १९७६ साली सुरू झाल्या. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं आपण हा वाङ्मयप्रकार रोज पाहतो आहोत, आणि त्याबद्दल आपली समीक्षा काय, तर 'छान होती' किंवा 'डोकं उठवलं'. एवढ्यावर थांबणं बरोबर नाही.

आधी हे तीस सेकंद म्हणजे काय ते पाहू. टीव्हीसाठी सेकंदाला पंचवीस चित्रं धरली तर तीस सेकंदांत ७५० चित्रं होतात. बोलायचे शब्द साठ-सत्तर, त्याहून जास्त कोंबले तर माणूस धापा टाकतो. वाहिन्या वेळ विकतात ती दहा-दहा सेकंदांच्या हिशेबाने. त्यामुळे छोट्या धंदेवाल्याला चित्रीकरणाच्या खर्चाचा धक्का बसतो आणि मग कळतं की खरा खर्च पुढेच आहे, जाहिरात दाखवण्याचा. म्हणून आधी सगळं कागदावर ठरतं. कोणाला सांगायचं, काय सांगायचं, एकच गोष्ट सांगायची तर कोणती. मग संहिता, मग स्टोरीबोर्ड, म्हणजे चौकटी-चौकटींत काढलेली चित्रं, मग नटांची निवड, जागा पाहून येणं. चित्रीकरण दिवसभरात उरकतं, कागदावरचा वाद महिनाभर चालतो. निदान आम्ही पाहिला तो तरी चालला.

आता मीमांसकांकडे येऊ. ते आपल्याला इथे अगदी अनपेक्षित मदत करतात. त्यांचा प्रश्न असा होता: वेदाचं काम माणसाला काय करायचं ते सांगणं. अमुक यज्ञ करावा, हा विधी. पण वेदात तर असंख्य वाक्यं अशी आहेत की ज्यांत काहीच करायला सांगितलेलं नाही. नुसत्या कथा आहेत, स्तुती आहे. त्यांचं काय करायचं? मीमांसक म्हणतात, ही वाक्यं स्वतंत्र नाहीत. ती विधीची प्रशंसा करतात, माणसाला त्या कर्माकडे ओढतात. हा अर्थवाद. अर्थवादाची आणि विधीची एकवाक्यता असते. सुटा काढलात तर तो निरर्थक.

जाहिरातीत विधी एकच, 'विकत घ्या'. आणि गंमत अशी की चांगल्या जाहिरातीत तो बहुधा उच्चारलाच जात नाही. उरलेलं सगळं, ते कुटुंब, तो पाऊस, तो कुत्रा, ती आजी, सगळा अर्थवाद. समीक्षेची पहिली कसोटी इथेच हाती येते: एकवाक्यता आहे का? तुम्हाला अशा जाहिराती आठवत असतील की गोष्ट लख्ख आठवते आणि माल कोणता होता ते आठवत नाही. तिथे एकवाक्यता तुटली. दिग्दर्शकाने आपला लघुपट केला आणि दुकानदाराने त्याचे पैसे भरले.

पण मीमांसकांनी याहून कामाची गोष्ट केली. त्यांनी अर्थवादाचे तीन प्रकार पाडले. पहिला गुणवाद. यज्ञातल्या लाकडी खांबाला सूर्य म्हटलं जातं. समोर तर खांब दिसतो! प्रत्यक्षाशी उघड विरोध आहे, म्हणून कोणी ते शब्दशः घेत नाही. खांब तुपाने चकचकतो आहे एवढाच गुण घ्यायचा. दुसरा अनुवाद. अग्नी थंडी घालवतो, हे आपल्याला आधीच ठाऊक आहे, ते पुन्हा सांगितलं. तिसरा भूतार्थवाद. जे सांगितलं आहे ते प्रत्यक्षाविरुद्धही नाही आणि आपल्याला इतर मार्गाने कळलेलंही नाही. इंद्राने वृत्रावर वज्र उगारलं. आपण तिथे नव्हतो. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा, एवढंच.

आता ही चाळणी घेऊन टीव्हीसमोर बसा.

फेविकॉलची ती बस आठवा. प्रसून पांडे यांनी दिग्दर्शित केलेली, जैसलमेरकडे चित्रित झालेली. खचाखच भरलेली बस, टपावर माणसं, बाजूला माणसं, मागे माणसं, रस्ता असा की हाडं खिळखिळी व्हावीत, आणि एकही माणूस पडत नाही. कोणी एक शब्द बोलत नाही. शेवटी बसच्या पाठीवर फेविकॉलची पाटी दिसते. हा निव्वळ गुणवाद आहे. या जाहिरातीने फसलेला एकही माणूस भारतात सापडणार नाही. फेविकॉलची पाटी लावली म्हणून प्रवासी बसला चिकटतील असं मानून कोणी डबा घेतला नाही. खोटं इतकं मोठं आहे की ते खोटं राहतच नाही. त्याच मालिकेतली कोंबडीची जाहिरात तशीच, जिचं अंडं काही केल्या फुटत नाही. आमच्या मते ही भारतीय जाहिरातीतली सगळ्यात प्रामाणिक परंपरा आहे. आणि हेही पाहा की बस, टप, लोंबकळणारी माणसं हे आपल्या रोजच्या पाहण्यातलं आहे. दिग्दर्शकाने वरून काही आणलेलं नाही. अतिशयोक्तीला जमीन लागते, ती इथे आहे.

अनुवादाबद्दल फार बोलत नाही. सणाला गोड खावं, आईच्या हातचं चांगलं लागतं, पावसात भजी हवीत. ठाऊक असलेलंच सांगायचं आणि शेजारी आपला डबा ठेवायचा. निरुपद्रवी, आणि बहुतेक वेळा कंटाळवाणं.

खरा प्रश्न तिसऱ्याचा. 'इतके टक्के जंतू मरतात', 'इतक्या आठवड्यांत केस गळणं थांबतं'. प्रत्यक्षाने खोडता येत नाही, आधी ठाऊक नाही. इथे प्रेक्षक पूर्णपणे सांगणाऱ्याच्या हवाली असतो. जाता जाता आपल्या मराठी माणसांच्या कंपनीचं उदाहरण देतो. पेंढरकरांच्या विकोची हळदीची क्रीम. ती सौंदर्यप्रसाधन नाही, आयुर्वेदिक आहे, हे त्यांच्या जाहिरातीच्या गाण्यातच गायलेलं असे. आपण ते चालीवर गुणगुणत होतो, आणि तिकडे अबकारी खात्याशी नेमका याच मुद्द्यावर वर्षानुवर्षं वाद चालू होता, की हे औषध की प्रसाधन. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात कंपनीच्या बाजूने निकाल लागला. सिनेमाघरात जो अर्थवाद होता, तेच करखात्यापुढे सिद्ध करायचं विधान! वाक्याचा दर्जा ते कुठे उच्चारलं जातं यावर ठरतो, हे तर्कशास्त्राच्या वर्गात समजावताना आम्हाला घाम फुटायचा. हे उदाहरण तेव्हा सुचलं असतं तर बरं झालं असतं.

आता ललिताजी. इथे जरा थांबू, कारण आमच्या मते विचाराच्या दृष्टीने ही आपल्याकडची सगळ्यात समृद्ध जाहिरात आहे.

परिस्थिती अशी. करसनभाई पटेल अहमदाबादेत १९६९ साली निरमा सुरू करतात, सायकलवरून दारोदार विकतात, आणि किंमत सर्फच्या कितीतरी खाली. पुढे टीव्हीवर ते पांढऱ्या फ्रॉकचं गाणं येतं आणि सर्फची विक्री धोक्यात येते. हिंदुस्तान लिव्हरची जाहिरात करणारी लिंटास, तिथे अलीक पदमसी. आता सर्फने काय म्हणावं? 'आम्ही स्वस्त आहोत' म्हणता येत नाही. 'स्वस्त घेणारी बाई मूर्ख' म्हणता येत नाही, कारण तीच आपलं गिऱ्हाईक आहे. तेव्हा त्यांनी काय केलं? पै-पैचा हिशेब ठेवणारी, कोणाला न ऐकणारी बाई उभी केली. कविता चौधरींनी ती केली. 'उडान' ही मालिका लिहिणाऱ्या आणि दिग्दर्शित करणाऱ्या त्याच. पदमसींनी सांगून ठेवलं आहे की ही बाई त्यांना आपल्या आईवरून सुचली. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी बाई महाग पावडर का घेते, असा पुरुषी आवाजातला प्रश्न येतो, आणि ती फटकारून उत्तर देते.

ते उत्तर न्यायशास्त्राच्या पंचावयवांत मांडून पाहा. प्रतिज्ञा: सर्फ घेण्यात शहाणपण आहे. हेतू: कारण स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू या वेगळ्या. उदाहरण: भाजी. उपनय: अर्धा किलो सर्फ किलोभर स्वस्त पावडरीचं काम करतं. आणि निगमन, पुन्हा प्रतिज्ञेवर. गौतमाने आखून दिलेलं सगळं अर्ध्या मिनिटात, निळ्या किनारीच्या साडीत! (हशा) समोर निरमा नुसतं गातं आहे, युक्तिवाद करतच नाही.

पण समीक्षक म्हणून बोट ठेवायचं तर उदाहरणावर. भाजी चांगली की वाईट हे ती बाई हातात घेऊन, दाबून, वास घेऊन ठरवते. पावडर तशी ठरवता येत नाही. भाजीच्या बाबतीत तिचं ज्ञान स्वतःचं आहे, आणि त्या ज्ञानाची पुण्याई अलगद पावडरीच्या खात्यात वळती होते. हा सांधा इतका बेमालूम आहे की चाळीस वर्षं कोणाला टोचला नाही. अर्ध्या किलोचा दावा मात्र घरी बादलीत तपासता येतो, त्यामुळे सगळाच डोलारा पोकळ आहे असं आम्ही म्हणणार नाही. दुसरा मुद्दा अधिक गंभीर. दूरचा हिशेब करायला हातात आज पैसे लागतात. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या घराला ललिताजींचं गणित पटलं तरी परवडत नव्हतं. हे पुढे कंपनीलाच मान्य करावं लागलं, तिने निरमाच्या किमतीला भिडणारं व्हील बाजारात आणलं. जाहिरातीत ज्याला शहाणपण म्हटलं होतं ते एका वर्गाचं शहाणपण होतं.

तरीही ललिताजी चालल्या. कारण न्यायाने दिलं आहे: आप्त. वात्स्यायन म्हणतो, ज्याला वस्तू प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त; मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. जन्माची, हुद्द्याची अट नाही. दोनच अटी, माहीत असणं आणि तसंच सांगायची इच्छा. भाजीवाल्याशी भांडणारी बाई आपल्याला खोटं सांगणार नाही असं वाटतं. ती नटी आहे हे ठाऊक असूनही वाटतं.

इथे आमचं प्रकरण येतं.

आमचा एक जुना विद्यार्थी. तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाला आणि पुढे, देवाच्या दयेने, मसाल्याच्या धंद्यात पडला. (हशा) कांदा-लसूण मसाला. कोल्हापूरच्या बाजूचं छोटं युनिट, वीस-बावीस माणसं. काही वर्षांपूर्वी तो आला. मराठी वाहिनीवर तीस सेकंदांची जाहिरात करायची होती. पुण्याच्या एका एजन्सीने स्टोरीबोर्ड आणला होता: जुना वाडा, नऊवारीतली आजी, पाटा-वरवंटा, दारातून येणारं ऊन. आणि शेवटी एक वयस्क जोडपं जेवताना. "सर, नट परवडत नाहीत. तुम्ही आणि काकू बसाल का? आपल्या भागात तुम्हाला सगळे ओळखतात." आम्ही फुगलो, हे कबूल करतो.

आमच्या तोंडी वाक्य असं होतं की आमच्या घरी तीस वर्षं हाच मसाला. धंदा सुरू होऊन नऊ वर्षं झाली होती! आम्ही म्हणालो, अरे, हे खोटं आहे. एजन्सीचा मुलगा गोंधळला, म्हणाला, "सर, तुम्हीच सुचवा ना." आणि आम्ही सुचवलं. 'घरचा मसाला म्हटलं की हीच चव.' कोणी खोटं ठरवूच शकणार नाही असं वाक्य. आयुष्यभर वाक्यांची चिरफाड शिकवली, ती विद्या अशी कामी आली. आमच्या घरी तर दर वर्षी मार्चमध्ये ब्याडगी, संकेश्वरी, थोडी लवंगी आणून, उन्हात खडखडीत वाळवून, देठं काढून गल्लीतल्या डंकावर कुटून आणतात. त्याचा मसाला आम्ही चित्रीकरणाच्या दिवशी पहिल्यांदा चाखला. चांगला होता. खरोखर चांगला होता, हे सांगायलाच हवं.

जाहिरात लागली. लोक रस्त्यात थांबवून हसायचे, सर, टीव्हीवर दिसलात. एके दिवशी भाजी मंडईत ओळखीच्या एक बाई भेटल्या, मुलगा आमच्या कॉलेजात होता. म्हणाल्या, "सर, तुम्ही सांगितलंत म्हणून यंदा आम्ही डंकावर गेलोच नाही. तुमच्या घरी चालतो म्हटल्यावर बघायचंच काय?" आम्ही काहीतरी पुटपुटलो. घरी गेलो तर अंगणात चादरीवर आमच्याच मिरच्या वाळत होत्या.

वाक्य खोटं नव्हतं. त्या बाईंना कळलं ते खोटं होतं, आणि तेच कळावं म्हणून ते वाक्य रचलं होतं. आमच्या वाक्याला भूतार्थवादाचा वेष होता आणि आतला माणूस आप्त नव्हता: आम्हाला मसाला ठाऊकच नव्हता. २०२२ साली केंद्राने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत म्हटलं आहे की जाहिरातीत शिफारस करणाऱ्याचं मत खरंखुरं हवं आणि मालाची पुरेशी माहिती किंवा अनुभव हवा. वात्स्यायनाच्या दोन्ही अटी सरकारी भाषेत! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीसाठी उत्पादकाबरोबर शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. आमच्या पेन्शनमध्ये ते कसं बसवायचं हा वेगळा प्रश्न. (हशा) पण त्या बाईंना आम्ही काय सांगायला हवं होतं, त्याला दंड नाही.

विद्यार्थ्याकडे गेलो. सगळं सांगितलं. तो चिडला नाही, पण म्हणाला, "सर, तेरा आठवड्यांचे पैसे भरलेत." बरोबरच होतं. मग त्याने आम्हाला पहिल्यांदा कारखाना दाखवला. हे आधी व्हायला हवं होतं. आम्ही न पाहताच शिफारस केली होती, एजन्सीनेही फक्त पाकीट पाहिलं होतं. आत काय असावं? ओळीने सहा डंक. लोखंडी उखळीत मुसळं वरखाली आपटताहेत, कानाला दडे बसतील असा आवाज. आम्ही विचारलं, पल्व्हरायझर का नाही लावला, भराभर होईल. म्हणाला, "तापतो, सर. मिरचीचा वास उडतो, रंग मरतो. म्हणून डंकच ठेवलेत, उत्पादन कमी निघालं तरी."

बघा! इतरांकडे क्वचित असणारी, तपासता येणारी, खरी गोष्ट त्याच्याकडे होती. आणि जाहिरातीत काय दाखवलं? पाटा-वरवंटा, जो त्याच्या कारखान्यात नाही, आमच्या घरात नाही आणि त्या एजन्सीच्या मुलाने बहुधा संग्रहालयात पाहिला असेल. का? डंक कुरूप दिसतो, आवाज फार, लाल धूळ उडते, कॅमेऱ्याच्या काचेवर बसते. आमचा जाहिरातींवरचा मुख्य आक्षेप हा आहे. त्या खोटं बोलतात हा आक्षेप जुना, तो प्लेटोनेही वक्तृत्वावर घेतला होता. पण पुष्कळदा हाताशी असलेलं खरं त्यांना दिसतच नाही, कारण त्यांनी स्टोरीबोर्ड आधी काढलेला असतो आणि कारखाना नंतर, किंवा कधीच नाही.

तेरा आठवडे संपल्यावर वीस सेकंदांची नवी फीत झाली. पैसे थोडे होते, स्थानिक मुलांनी केली. वाडा नाही, आजी नाही. सुरुवातीचे पाच सेकंद नुसता डंकाचा आवाज, घरातले लोक चमकून टीव्हीकडे बघतात. मग मुसळं, मिरची, आणि कारखान्यातल्याच एका कामगार बाई सांगतात की यंत्राने का दळत नाही. अडखळतात थोड्या, ते तसंच ठेवलं. आम्ही त्यात नाही. सौभाग्यवती आहे, पाठमोरी, मिरच्यांची देठं काढणाऱ्या बायकांत तिसरी; त्या दिवशी तिने खरोखर अडीच किलो साफ केल्या आणि दोन दिवस हातांची आग होत होती.

विक्री वाढली की घटली ते त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मंडईतल्या त्या बाई नंतर भेटल्या. त्यांना आम्ही सांगितलं की आमच्या घरी डंकावरचाच मसाला असतो. त्या बराच वेळ आमच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग टीव्हीवर कशाला तसं म्हणालात?"

बरं, वेळ झाली. मागच्या रांगेतला तो तरुण आलाय का आज? त्याला आधी माईक द्या.